मुलाणींच्या अठरा वॅगनी

गेल्या जानेवारीतल्या शेवटच्या रविवारी, दुपारी पावणेदोनच्या सुमारास, राजमहंमद मुलाणी लोणावळ्याहून रिक्षाने कुरवंड्याकडे निघाले. मांडीवर पत्र्याची ट्रंक होती आणि तिच्यावर त्यांचे दोन्ही हात. शेजारी त्यांची सून अम्मारा. रिक्षावाल्याला त्यांनी तिसऱ्यांदा बजावलं, "खड्डा दिसला की आधी थांबायचं, मग हळू उतरायचं."

रिक्षावाला वैतागला. "चाचा, अंडी हायेत का आत?"

"अंडी असती तर एवढं सांगितलं नसतं. अंडी बाजारात मिळतात."

ट्रंकेत स्पंजाला खाचा पाडून त्यांत अठरा वॅगनी बसवल्या होत्या, आणि एक गार्डचा डबा. कोळसा वाहणाऱ्या खऱ्या मालगाडीच्या बरोबर सत्त्याऐंशीव्या हिश्श्याच्या. एकेक वॅगन बारा सेंटिमीटर तीन मिलिमीटर लांब. चाकं आणि जोडणीचे आकडे तेवढे विकत घेतलेले, बाकी सगळं घरचं. या कामाला पाच वर्षं आणि दोन महिने लागले होते.

मुलाणी एकोणिसाव्या वर्षी रेल्वेत खलाशी, म्हणजे मदतनीस म्हणून लागले, पुढे फिटर झाले आणि शेवटची अठरा वर्षं गाडी तपासनीस होते. यार्डात त्याला टीएक्सआर म्हणतात. मुंबईकडे जाणारी मालगाडी घाट उतरण्याआधी लोणावळ्याला थांबते, आणि तिचे ब्रेक धड आहेत असं कुणीतरी लिहून दिल्याशिवाय पुढे सरकत नाही. ते लिहून देणारे मुलाणी. पहाटेच्या धुक्यात, पावसात, गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाकून बघत जायचं, ब्रेकचा एकेक ठोकळा चाकाला टेकतोय का पाहायचं, पिना हाताने चाचपायच्या. मग सही. सही झाली की गाडी हलायची आणि शेवटच्या डब्यामागचा लाल दिवा वळणावर दिसेनासा व्हायचा. तिथे मुलाणींचं काम संपायचं. त्या अठरा वर्षांत त्यांनी हजारो गाड्या घाटात सोडल्या, पण भरलेली गाडी घाट उतरताना कशी दिसते ते त्यांनी एकदाही उभं राहून पाहिलं नव्हतं.

निवृत्तीनंतर पहिली वॅगन त्यांनी लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यातून कापली. ती पावसाळ्यात फुगली. दुसरी पाट्यांच्या दुकानातल्या प्लास्टिकच्या पत्र्यातून केली, तिच्या शिडीला एक पायरी जास्त झाली म्हणून स्वतःच मोडली. मग अम्मारा सून होऊन आली. ती नवलाख उंबरे गावाजवळच्या एका कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासते. तिने सासऱ्यांना संगणकावर आराखडा काढायला शिकवलं आणि मागच्या गॅलरीत रेझिनचं छापयंत्र बसवून दिलं. प्रकाश पडला की घट्ट होणाऱ्या चिकट रसातून ते यंत्र थरावर थर चढवत वॅगनीचं धड उभं करतं. पण यंत्रातून निघतं ते नुसतं धड. त्यावर तारेचे पाइप, दाराच्या कड्या, पितळी पत्र्याच्या शिड्या, पाण्यात भिजवून सोडवायच्या अक्षरांच्या चिकटपट्ट्या, गंजाचे डाग, हे सगळं चिमट्याने आणि श्वास रोखून. एका वॅगनीला चारशेच्या वर तुकडे. गंज कुठे बसतो ते मुलाणींना कुणी सांगावं लागत नव्हतं.

गेल्या वर्षी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. तपासण्या झाल्या. हे थांबणार नाही, हळूहळू वाढेल, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. अठरावी वॅगन पूर्ण व्हायला त्यामुळे सात महिने लागले. एकोणिसावी होणार नव्हती. हे घरात कुणी बोलत नसे, पण माहीत सगळ्यांना होतं. ट्रंकेत होत्या तेवढ्याच, आणि आज त्या पहिल्यांदा घाट उतरणार होत्या.

घाट होता कुरवंड्याच्या डॉक्टर प्रज्ञेश यांच्या हॉलमध्ये. प्रज्ञेश दाताचे डॉक्टर, वय पंचेचाळीस. दवाखाना तळेगावात, आणि राहतं घर इथे. हॉलच्या तीन भिंतींना धरून त्यांनी लाकूड, जाळी आणि प्लास्टरचा खंडाळ्याचा घाट उभारला होता. वर लोणावळा स्टेशन, खाली पायथ्याचं स्टेशन, मध्ये बोगदे, दोन पूल आणि चार वळणं. उतारही खऱ्यासारखाच, सदतीस फुटांत एक फूट. दरी खरी वाटावी म्हणून रुळांच्या बाहेरच्या बाजूला काहीच ठेवलेलं नव्हतं. वरच्या रुळावरून काही पडलं तर ते साडेचार फूट खाली फरशीवर.

चार वाजता पुण्या-मुंबईहून वीस-बावीस शौकीन येणार होते.

"काका, या, या!" प्रज्ञेशनी ट्रंकेला हात लावला.

"ट्रंक नको. मला धरा," मुलाणी म्हणाले.

वॅगनी एकेक करून वरच्या स्टेशनात रुळावर उतरल्या. प्रज्ञेशनी दातांचा छोटा आरसा आणून एका वॅगनीच्या पोटाखाली धरला आणि ते बघतच राहिले. ब्रेकची अख्खी यंत्रणा तिथे होती. दांडे, खेचणाऱ्या सळ्या, पिना, आठ चाकांना आठ ठोकळे.

"हे कोण बघणार होतं, काका?"

"मी बघतो," मुलाणी म्हणाले. त्यांनी एक वॅगन उलटी केली आणि चाकाला बोटाने टिचकी मारली. चाक फिरत राहिलं. "मोजा."

प्रज्ञेशनी मोजलं. चाळीसला चाक थांबलं. त्यांनी शीळ घातली. बाजारातल्या महागड्या वॅगनीचं चाक पंधरापर्यंत जात नाही. शिवाय मुलाणींनी कोळशाच्या थराखाली शिशाचे छर्रे भरले होते. भरलेली गाडी भरल्यासारखी चालली पाहिजे, यावर ते ठाम होते.

तेवढ्यात भिमाजी ओव्हाळ आले. मालगाडीचे निवृत्त गार्ड, इंदुरीचे, मुलाणींचे चाळीस वर्षांचे दोस्त. खास आजसाठी त्यांनी जुनी शिट्टी गळ्यात अडकवली होती.

"काय रं मुलाणी, गाडी तयार?"

"तयार, गार्डसाहेब."

"मंग कागद कुटंय?"

"कसला कागद?"

"ब्रेकचं सर्टिफिकेट! त्याबिगर मी गाडी उतरवत न्हाई. आयुष्यात उतरवली न्हाई, आज काय म्हून उतरवू?" भिमाजी खुर्ची ओढून बसले. "लिव. न्हाईतर मी बसलो हितं."

सगळे हसले. मुलाणीही हसले. अम्माराने पर्समधल्या वहीचं पान फाडून दिलं. मुलाणींनी डावा हात उजव्या मनगटावर ठेवून लिहायला घेतलं. वॅगनी अठरा. माल कोळसा. वेळ चौदा वाजून वीस मिनिटं. पुढचा रकाना सवयीने आला: ब्रेक पॉवर, टक्के.

पेन थांबलं.

"शंभर लिव की," भिमाजी म्हणाले. "का मी लिवू? हात कापतोय तुजा."

मुलाणींनी पेन खाली ठेवलं. त्यांचा चेहरा उतरला होता. "शंभर कुठून लिहू, भिमा? शून्य आहे."

"आँ?"

"एकशे चव्वेचाळीस ठोकळे केले मी. एकही चाकाला लागत नाही. लागू नये म्हणूनच प्रत्येक ठोकळा चाकापासून अर्धा मिलिमीटर लांब ठेवलाय. चाक फिरावं म्हणून." त्यांनी जवळच्या वॅगनीच्या चाकाला नख लावलं. "पाच वर्षं मी ब्रेक केले आणि ब्रेक लावायचेच विसरलो."

मग प्रज्ञेश समजुतीच्या सुरात म्हणाले, "काका, हे मॉडेल आहे. इंजिनाला गिअर आहेत. वीज तोडली की ते जागेवर उभं राहतं. मी दहा वॅगनी नेहमी उतरवतो, कधी काही झालं नाही."

"तुमच्या दहा रिकाम्या आहेत आणि त्यांची चाकं जड आहेत. या अठरा मिळून अडीच किलो भरतात. इंजिनाचं चाक थांबेल हो, पण थांबलेलं चाकसुद्धा घसरतं. रूळ कधी पुसले?"

"आज सकाळीच. स्पिरिटने."

"म्हणजे आणखी गुळगुळीत," रुळावरून बोट फिरवत मुलाणी म्हणाले. "एक सोडून बघू."

"आमच्यातली एखादी सोडा," प्रज्ञेश लगेच म्हणाले.

"तुमच्या वॅगनीचं उत्तर माझ्या काय कामाचं?"

"अब्बा, नको," अम्मारा म्हणाली.

त्यांनी अठरावी उचलली. पहिल्या वळणाखाली प्रज्ञेश आणि अम्माराने सोफ्याची चादर चार हातांनी ताणून धरली. मुलाणींनी वॅगन उताराच्या तोंडाशी ठेवली, ढकलली नाही, फक्त बोट काढून घेतलं. ती आधी हललीच नाही असं वाटलं. मग मुंगीच्या चालीने निघाली. बोगद्यात शिरली आणि बाहेर पडली तेव्हा तिचा आवाज बदललेला होता, बारीक, चढत जाणारा. पहिलं वळण तिने झुकून पार केलं. चादर धरणाऱ्यांनी श्वास सोडला. त्याच क्षणी दुसऱ्या पुलाच्या वळणावर ती रूळ सोडून सरळ गेली, हवेत, आणि फरशीवर आपटली.

चादर तीन फूट अलीकडे होती.

कोळशाचा चुरा सोफ्याखालपर्यंत उडाला. खालची चार चाकांची एक बोगी तुटून कपाटाशी गेली. एक बाजू मधोमध चिरली होती. अम्मारा गुडघ्यांवर बसून तुकडे वेचायला लागली. मुलाणी जिथे होते तिथेच उभे राहिले. खिशात घातलेला उजवा हात कापडातूनही हलताना दिसत होता.

"दोन पन्नास झालेत," प्रज्ञेश हळूच म्हणाले. "काका, आपण गाडी वरच उभी ठेवू. लोकांना आरसा देऊ, ते पोटाखालून बघतील. यात काहीच कमीपणा नाही."

ही सुटका होती, आणि सभ्यपणे दिलेली होती. सतरा शाबूत होत्या. ट्रंकेतून आल्या तशा ट्रंकेतून परत जातील, काचेच्या कपाटात बसतील. मुलाणी हो म्हणणारच होते.

"कपाटातच ठेवायच्या हुत्या तर चाकं कशाला लावली?" भिमाजी खुर्चीतून म्हणाले. "पुठ्ठ्याच्याच बऱ्या हुत्या की."

"भिमाकाका!" अम्मारा चिडली. "समोर पडलीय ती बघा जरा."

"बघितली. लय वंगाळ झालं, पोरी. पण मी बोलतोय त्याच्याशी. मुलाणी, तुला गाडी उतरताना बघायची हाय का न्हाई?"

मुलाणींनी एक वॅगन उलटी करून तिच्या पोटाकडे पाहिलं. मग त्यांनी प्रज्ञेशना विचारलं, "डॉक्टर, दात सरळ करायला तुम्ही जी तार लावता, ती आहे घरात? अगदी बारीक, स्प्रिंगसारखी?"

प्रज्ञेश जिना दोन दोन पायऱ्यांनी चढून वर गेले.

युक्ती साधी होती. वॅगनीच्या पोटाला तारेचा तुकडा चिकटवायचा, त्याचं मोकळं टोक वाकवून चाकांच्या मधल्या दांड्यावर घासत ठेवायचं. मुलाणींना प्रत्येक तिसऱ्या वॅगनीला तार लावायची होती. भिमाजींनी कपाळावर हात मारला.

"आरं, पुढच्या वॅगनीला ब्रेक लावशील तर मागच्या तिच्यावर चढतील! मागनं धर. सगळी गाडी ताणलेली ऱ्हायली पायजे. गार्डचा डबा मागं का असतो? शोभेला? आमी तिकडं थंडीत बसून चाक फिरवून ब्रेक आवळायचो, ते काय उगं?"

"बरं झालं तू आलास," मुलाणी म्हणाले.

"माज्यामुळंच तर यवडा उशीर झालाय!"

तेव्हा ठरलं, गार्डचा डबा आणि शेवटच्या पाच वॅगनी. मुलाणींनी पहिला तुकडा चिमट्यात धरला. झटपट डिंकाचा थेंब दांड्याच्या टोकाला, म्हणजे दांडा ज्यात फिरतो त्या पितळी वाटीत, जाता कामा नये. गेला तर ते चाक कायमचं मेलं. तार खाली येऊ लागली आणि हात सुटला. तारेचं टोक वॅगनीच्या कुशीवरून ओरखडत गेलं. क्रमांकातले दोन आकडे निघून गेले. त्यांनी पुन्हा धरलं. पुन्हा तेच. तीन वाजून बारा मिनिटं झाली होती.

चिमटा त्यांनी टेबलावर ठेवला. अम्माराकडे न बघता म्हणाले, "तू लाव."

"मी?"

"हात तुझा. सांगतो मी."

अम्माराने ओढणी मागे बांधली, प्रज्ञेशचं दातांचं भिंग डोळ्याला लावलं आणि बसली. पहिली तार बसली. "दाब किती, अब्बा? मापात सांगा."

"मापात नाही येत ते." मुलाणींनी वॅगन घेऊन टिचकी मारली. चाक दीड आकड्यात थांबलं. "फार झालं. इंजिन ओढणार नाही. वाकव थोडी वर." पुन्हा टिचकी. सात. "आता सैल." पुन्हा. चार. त्यांनी तीच वॅगन तिच्या हातात दिली. "तूच मार. चार म्हणजे कसं लागतं ते बोटाला कळलं पाहिजे. पाच नको, तीन नको."

ती टिचक्या मारत राहिली. तिसऱ्या वॅगनीला तिने त्यांना न विचारताच तार दोनदा उचलली आणि चार आकडे मोजून पुढे ठेवली. मुलाणींनी ती तपासली आणि पुढची तिच्यासमोर सरकवली. पाचव्या वॅगनीला डिंक वाटीकडे ओघळला. प्रज्ञेशनी दातातलं पाणी ओढतात त्या बारीक कागदाच्या वातीने तो टिपून घेतला. गार्डचा डबा शेवटी. भिमाजींनी तो कानाशी धरून चाक फिरवलं आणि म्हणाले, "ह्यात बसलो असतो मी."

चारला दहा मिनिटं कमी असताना फाटकाशी पहिली मोटार थांबली.

मुलाणींनी कागद पुढे ओढला. अठरा खोडून सतरा केले. वॅगनी सतरा, ब्रेक लागू पाच, गार्डचा डबा एक. टक्के लिहिले एकोणतीस. "एकोणतीस टक्क्यांवर खरी गाडी सोडली असती तर मला घरी बसवलं असतं," ते म्हणाले, पण सही केली, आणि सही वाकडीतिकडी आली. भिमाजींनी तिच्याखाली आपली केली.

पाहुणे भिंतीला टेकून उभे राहिले. कुणीतरी मोबाइल वर धरला. प्रज्ञेशनी विजेचं बटण हातात घेतलं. भिमाजींनी शिट्टी दिली.

इंजिन निघालं, अठरा जोडण्या खट्खट् करत एकेक ताणल्या गेल्या आणि गाडी बोगद्यात शिरली. आत गेली तेव्हा सगळ्यांचं लक्ष दुसऱ्या तोंडाकडे. इंजिन बाहेर आलं, मागून वॅगनी. वेग तोच. पहिलं वळण गेलं. मुलाणी गाडीबरोबर चालायला लागले, मांडणीच्या कडेने, दोन्ही हात मागे बांधून, जसे ते यार्डात गाडीच्या कडेने चालत असत. दुसऱ्या पुलावर इंजिन जरा अडखळलं. रुळावर कुठेतरी कण असेल. क्षणभर वीज तुटली आणि इंजिन जागच्या जागी थांबलं. हॉलमध्ये कुणीतरी "अरे" म्हणालं. वॅगनी पुढे दाबल्या गेल्या, एक, दोन, तीन जोडण्या सैल झाल्या, चौथी वॅगन वळणावर किंचित उचलल्यासारखी झाली. तिथून मागे मात्र काहीच सरकलं नाही. मागच्या सहांनी धरून ठेवलं होतं. चौथी वॅगन टक् करून रुळावर बसली.

मुलाणींनी हात पुढे केला नव्हता. करून उपयोगही नव्हता, हे त्यांना कळत होतं.

प्रज्ञेशनी इंजिनाला बोटाने हलकासा धक्का दिला. वीज आली. जोडण्या पुन्हा ताणल्या. तिसरं वळण, चौथं, आणि गाडी पायथ्याच्या स्टेशनात जाऊन उभी राहिली. सगळ्या उतरणीला दोन मिनिटं आणि चाळीस सेकंद लागली. टाळ्या पडल्या. भिमाजींनी शिट्टी इतक्या जोरात मारली की एका पाहुण्याने कान झाकले.

"परत एकदा!" मुंबईचा एकजण म्हणाला. "मी रेकॉर्डच केलं नाही हो."

प्रज्ञेशनी इंजिन गाडीच्या दुसऱ्या टोकाला जोडलं आणि वीज दिली. चाकं जागेवर गरगरली. गाडी हलेना. ब्रेक चालूच होते. उतरताना जे धरत होते तेच आता चढताना धरत होते.

"मागं अजून इंजिनं लावायला लागत्यात घाट चढताना," भिमाजी पाहुण्यांना समजावू लागले. "ह्यो घाटच तसा हाय."

दुसरं इंजिन प्रज्ञेशकडे नव्हतं. म्हणजे हातानेच वर न्यायच्या. मुलाणी खुर्चीत बसले होते. आता दोन्ही हात मांडीवर उघडे होते, थरथरत होते, आणि ते त्यांनी झाकले नाहीत.

अम्मारा पायथ्याच्या स्टेशनातून एकेक वॅगन उचलायला लागली. "बाजूनं धरू नको, शिडी मोडेल. पोटाखालून," ते बसल्या जागेवरून म्हणाले.

"माहितीय, अब्बा." तिने पाचवी वर ठेवली आणि वळली. "अठरावीचं धड बुधवारी छापायला लावते. आराखडा आहेच. तुकड्यांना दोन-तीन महिने लागतील मला, रात्रपाळी नसेल तर."

मुलाणींनी तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "आराखड्यात ठोकळे चाकाच्या जवळ घे. अर्ध्याचे पाव कर. त्यांच्याआड तार दिसायला नको."

"पाव मिलिमीटर? रंग दिल्यावर चिकटतील."

"मग रंग पातळ दे," मुलाणी म्हणाले, आणि ती सहावी वॅगन कशी उचलते ते बघत राहिले.